जत्रेचा फड आणि वर्षभराचं मैदान

पहाटे पाचच्या सुमाराला दहिवडी-फलटण रस्त्यानं गाडी नेणारे जाणते ड्रायव्हर दिव्यांचा झोत खाली ठेवतात. समोरून पोरं पळत येत असतात. पोरीही असतात, दोघी-तिघी मिळून, ओढणी कमरेला गच्च आवळलेली, अंगात थोरल्या भावाचा टी-शर्ट. एखादीचा बाप मागून मोटारसायकल हळूहळू चालवत तिच्यापुढं उजेड पाडत असतो. पोलीस भरतीची तयारी चालते ही. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. सातारा जिल्ह्याच्या माण-खटाव तालुक्यांतल्या बारावीच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, हा हिशेब त्याला पाठ असतो.

ही पोरं डांबरी रस्त्यावर पळतात, कारण पळायला दुसरी जागा नाही. डांबरावर पळून नडग्या दुखतात, गुडघे धरतात, उसाच्या ट्रॉल्या अगदी अंगाजवळून जातात. त्यातली बरीचशी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून पळायला लागतात ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, तेही गुणांसाठी. आठव्या वर्षीच त्यांना कुणी मैदान दिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही.

माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. सासर माण तालुक्यातलं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आत-बाहेर, तोही पडला तर. मी हायस्कूलला मराठी शिकवते आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर असते. तिथं जे बघते त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. गरीब घरातल्या मुलामुलींना खेळानं हात द्यायचा असेल, तर त्यांना चालत जाता येईल इतक्या जवळ एक मैदान लागतं आणि त्या मैदानावर रोज, म्हणजे खरोखर रोज, उभं राहणारं एक मोठं माणूस लागतं. बाकी सगळं नंतर.

मोही हे गाव आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या ललिता बाबरनं २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा लॉस एंजेलिसला अंतिम फेरीत पळाली होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचलेली ही पहिली भारतीय मुलगी. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक. या शर्यतीत २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. टँकरची वाट बघणाऱ्या गावांतल्या बायकांनी आपल्यातली एक पोर पाण्यावरून झेप घेत जाताना टीव्हीवर पाहिली. त्या दिवसानंतर आमच्याकडं ‘पोरीच्या जातीनं पळून काय मिळायचंय’ हे वाक्य बोलताना लोक जरा अडखळतात. ललितासुद्धा आधी खो-खो खेळायची, हे मी माझ्या मुलींना मुद्दाम सांगते.

तालुक्यात म्हसवडला एक मोठं काम उभं आहे. चेतना सिन्हा यांनी १९९७ साली तिथं बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक काढली आणि त्याच कामातून पुढं ‘माणदेशी चॅम्पियन्स’ नावानं मुलामुलींना खेळात आणण्याचा उपक्रम सुरू झाला. बँकेच्या माणसांना मैदान का सुचावं, असं कुणालाही वाटेल. पण शेळी कधी विकली, उचल किती घेतली, पोरीची शाळा कोणत्या महिन्यात सुटली, हे ज्यांना घराघरांतून माहीत आहे त्यांनाच मैदानाची गरज आधी दिसणार. जी मुलगी संध्याकाळी कुठंतरी जाते, जिची कुणीतरी वाट बघतं, जिचं नाव एका यादीत आहे, तिच्याबद्दलचे निर्णय घरातल्या घरात गुपचूप उरकता येत नाहीत.

आमचं मैदान म्हणजे गायरानाचा तुकडा. पोरांनी दगड वेचले, पंचायतीनं मुरूम टाकून दिला, गावातल्या सुतारानं खो-खोचे दोन खांब करून दिले. फक्की संपली की चुलीतली राख टाकून रेघा मारतो. रोज उभा राहणारा माणूस आहे आमचा दादा. पोलीस भरतीत थोडक्या गुणांनी राहिला, वय निघून गेलं, आणि तो गावातच थांबला. सकाळी डेअरीवर दूध मापतो आणि साडेपाचला मैदानावर हजर. त्याला याचा एक रुपया मिळत नाही.

दादाजवळ एक वही आहे. त्यात हजेरी. मुलगी लागोपाठ दोन दिवस आली नाही की तो मला सांगतो, “बाई, जाऊन यावं लागंल.” मग आम्ही दोघं तिच्या घरी जातो. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. म्हैस व्याली, आई आजारी, मासिक पाळी. कधीकधी वेगळं निघतं. दहावीतल्या एका मुलीच्या घरी गेलो तर अंगण सारवलेलं, ओळखीचे नसलेले चार जण पोहे खात बसलेले. मुलगी दाराआड. तिची आजी बाहेर आली आणि म्हणाली, “पोरगी पळती तवर ठीक हाय बाई, पण उद्या पायबिय मोडला तर कोण करून घील तिला?” दादा उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, “आज्जी, ती जिल्ह्याला निवडलीय. तिच्याबिगर टीम न्हाई जायाची.” त्या एका वाक्यावर आम्ही बोलत राहिलो. कायद्यानं अठरा वर्षं लागतात हे मीही सांगितलं, पण खरं सांगायचं तर त्या अंगणात कायद्यापेक्षा टीमचं वजन जास्त पडलं. नंतर जिल्ह्याला आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. ती मुलगी आज सातारला नर्सिंगला आहे. तिच्या पुढच्या वर्षीची दुसरी एक मुलगी, हिच्यापेक्षा चपळ, तिचं लग्न मे महिन्याच्या सुटीत होऊन गेलं. मैदान बंद होतं तेव्हा. सुटीत मैदान बंद ठेवायचं नाही, हे दादानं त्या जूनमध्ये ठरवलं आणि तेव्हापासून पाळलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींची लग्नं अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेली होती. त्याच सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. हा दुसरा आकडा मैदानावर डोळ्यांना दिसतो. दोन डाव पळून झाले की एखादी खाली बसते, ओठ पांढरे पडलेले. वर्गात ती बाकावर बसलेली असते तेव्हा कळत नाही. दादानं आता सगळ्यांना घरून मूठभर भिजवलेले हरभरे नाहीतर शेंगदाणे-गूळ आणायला सांगितलं आहे, आणि आरोग्य उपकेंद्रातल्या ताई महिन्यातून एकदा गोळ्या घेऊन मैदानावरच येतात. एका आईनं मला विचारलं, “खेळायला लागल्यापास्नं पोरगी जास्त खाती, कुठनं आणू?” यावर मी काय बोलणार होते? पण त्या आईनं पुढच्या आठवड्यात दोन कोंबड्या पाळायला घेतल्या आणि अंडी विकायची नाहीत असं घरात सांगून टाकलं.

खो-खोत मला सगळ्यात आवडतो तो ‘खो’ देण्याचा नियम. पाठीला हात लावायचा आणि मोठ्यानं ओरडायचं. नुसता हात लावला, आवाज निघाला नाही, तर पंच फाऊल देतात. पारध्यांच्या वस्तीवरची एक मुलगी पाचवीत आली तेव्हा वर्गात हजेरीलासुद्धा हात वर करायची, तोंडानं काही बोलायची नाही. गावात काही हरवलं की आधी त्यांच्या पालांकडं बोट जातं. बोललं की अंगलट येतं हे ती घरूनच शिकून आली होती. मैदानावर मात्र तिला ओरडणं भाग होतं. पहिले कितीतरी दिवस ती फाऊल करत राहिली आणि तिच्या टीमच्या पोरी तिच्यावर चिडत राहिल्या. मग एके दिवशी तिचा ‘खो’ पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला. त्याच मुली तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. ज्यांच्या घरी तिच्या आईला ओट्यापलीकडं जाता येत नाही, त्या घरातल्या मुलीही त्यात होत्या. मैदानानं जात जाते असं मी म्हणणार नाही, तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. पण या मुलींच्या पाठीला एकमेकींच्या हातांची सवय झाली आहे आणि ती सवय घरी जाताना पुसली जात नाही.

दिवाळी झाली की आमचं मैदान पातळ होतं. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. माणमधून जातात, जत-आटपाडीकडूनही जातात. मुलं आजीपाशी राहतात किंवा सोबत जातात. आजीपाशी राहिलेल्या मुली मैदानावर येतात त्या धाकट्या भावाला काखेत घेऊन. दादानं रेघेच्या आत एका कोपऱ्यात पोतं अंथरलं आहे. सगळी धाकटी तिथं बसतात आणि पोरी आळीपाळीनं त्यांच्यापाशी थांबतात. ज्या घरात चार-पाच महिने आई नसते तिथल्या मुलीला हे दोन तास काय वाटत असतील, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. रविवारीसुद्धा त्या चुकवत नाहीत, एवढं सांगते.

हीच गोष्ट मी माहेरी दुसऱ्या बाजूनं पाहिली. वाळव्याकडं हंगामात कारखान्यांच्या आसपास तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. माझा भाऊ तिथल्या शाळेत खो-खो घेतो. एका हंगामात त्याला नववा खेळाडू मिळेना. कोप्यांवरची बीडकडची एक मुलगी रोज कुंपणाला टेकून बघायची. त्यानं तिला आत बोलावलं आणि ती जी पळाली, ती सगळ्यांच्या पुढं. उसाच्या सरीतून मोळी घेऊन धावणाऱ्या मुलीला हुलकावणी शिकवावी लागत नाही. दोन महिने ती टीमचा कणा झाली. तालुक्याच्या सामन्यांची नावं पाठवायची वेळ आली तेव्हा कळलं की तिचं नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर आहे, इथून तिला खेळता येणार नाही. ती गावाकडं असते तेव्हा तिथं सामने नसतात. फेब्रुवारीच्या शेवटी पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि टोळी निघून गेली. जाताना तिनं भावाला विचारलं, “सर, माझ्या जागी कोण खेळणार?”

स्थलांतर करणाऱ्या मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. तेच कार्ड शालेय स्पर्धांना का चालू नये? कागदावरची एक ओळ बदलायची आहे. त्या एका ओळीनं किती मुलींना आपल्या नावाचा नंबर पाठीवर लावून खेळता येईल!

प्रत्येक खेळाची एक किंमत असते आणि कोण खेळणार ते ती किंमत ठरवते. कुस्ती आमच्या मातीतली खरी, पण पैलवानाचा खुराक सांभाळायचा म्हणजे दूध, तूप, बदाम. ज्याच्याकडं बागायत नाही त्याला ते झेपत नाही. सातारच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं. तिचे वडील शिक्षक. कंपाउंड धनुष्य लाखांच्या घरात जातं, आणि शिक्षकाच्या पगारातही ते सहज बसत नाही. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलले, सोनं एका किलोनं हुकलं. घर चालायचं पानाच्या आणि चहाच्या टपरीवर. फलटण तालुक्यात सरडे गावच्या प्रवीण जाधवचे आई-वडील मजूर, राहणं ओढ्याकाठच्या झोपडीत. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला आधी पळायला लावलं, मग तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं धनुष्य ताणलं. त्याच तालुक्यात आसू आणि वाखरी या खेड्यांतून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताकडून हॉकी खेळल्या. ही नावं मी अभिमानानं घेते. पण यातल्या प्रत्येकाच्या मुळाशी वेळेवर भेटलेलं एखादं माणूस आहे, आणि ज्यांना ते भेटलं नाही त्यांची नावं कुठंच छापून येत नाहीत. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी हाताच्या अपंगत्वावर मात करून पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. आमच्या शाळेत पायानं अधू असलेला एक मुलगा आहे. त्यानं ते ऐकलं आणि विचारलं, “मग मला का नाही घेत?” आता तो बसून गोळा फेकतो. दादानं जुनी खुर्ची दोन दगडांत रोवून दिली आहे.

आणि पैसा. गावात पैसा नाही असं मला कुणी सांगू नये.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे, कऱ्हाड तालुक्यातले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबा परत आले तेव्हा गावानं बैलगाड्यांची मिरवणूक काढली, आणि नंतर त्यांनी कुस्त्यांचा फड लावून ते ऋण फेडलं. वर्गणीवर उभं राहिलेलं पदक आहे ते. आमच्या भागाला ही रीत शिकवायला नको.

आजही जत्रेत वर्गणी होते. रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात, मग नारळाची, मग शंभर-पाचशेची, आणि दिवस कलताना एक नंबरची निकाली कुस्ती, इनाम लाखात. हलगी कडाडते, शड्डू घुमतात, फेटे उडतात. मी लहानपणी कुंडलच्या मैदानाच्या गोष्टी ऐकत वाढले, कवठेपिरानच्या मारुती मानेंचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जायचं. फड मला मनापासून प्रिय आहे. तो बंद करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट आता मुलीही फडात उतरतात. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, मुलींसाठी ती पहिल्यांदा २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. त्या दिवशी मी रडले.

पण फड एका दिवसाचा असतो. बाहेरून आलेला पैलवान इनाम घेऊन संध्याकाळच्या गाडीनं जातो. गावातली पोरं बघे असतात. जेवढे पैसे त्या एका कुस्तीवर लागतात, तेवढ्यात आमचं मैदान वर्षभर चालेल. हा हिशेब मी खूप जणांपुढं मांडला आहे आणि ऐकणारा दर वेळी गप्प होतो, कारण तो खरा आहे. मोठी क्रीडासंकुलं तालुक्याच्या ठिकाणी झाली, चांगलं झालं. पण सातवीतल्या मुलीला संध्याकाळी पंधरा किलोमीटरवर कोण पाठवणार? शेवटची एसटी साडेसहाला. दहा गावांत दहा गायरानं सपाट करून दिली आणि दहा दादांना मानधन दिलं, तर त्या संकुलात खेळायला मुलं तरी तयार होतील.

यंदा जत्रेच्या बैठकीत आम्ही अर्ज देणार आहोत. दुसऱ्या नंबरच्या कुस्तीचं इनाम या वर्षी मैदानाला मिळावं, असा. सरपंचबाई म्हणाल्या, “तुम्ही नका बोलू बाई, पोरींनाच बोलू द्या.” नववीतल्या दोघी अर्ज लिहितायत. दादाला दरमहा ८००० रुपये मानधन, मुरमाच्या दोन खेपा, उन्हाळ्यात मारायला पाण्याचा टँकर, प्रथमोपचाराची पेटी, आठवड्यातून तीन दिवस अंडी. दादानं स्वतःचं मानधन खोडून पाच हजार केलं होतं. मुलींनी ते पुन्हा आठ केलं आणि त्याला वही परत दिली नाही. परवा आठवीतल्या एकीनं यादी वाचली आणि म्हणाली, “यात संडास कुठाय? मैदानावर पोरींना जायला जागाच नाही, म्हणून मोठ्या पोरी लवकर घरी जातात.” दोन खोल्यांचा, पाण्याच्या टाकीसह, असा खर्च गवंड्याकडून काढून आणला आणि यादीत सगळ्यात वर घातला.